गाडीचे मागचे डोळे

भाऊंची मान वळेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या हातून गाडी जाणार हे घरात सगळ्यांना कळलं होतं.

भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. धुळ्यात त्यांची स्वतःची, भाड्याने फिरवायची ॲम्बॅसिडर होती, डिझेलवर चालणारी. ऐंशी सालानंतर कधीतरी घेतली तेव्हा ती पांढरी होती, पुढे पुढे तिचा रंग जुन्या धोतरासारखा झाला. लग्नाला निघालेली माणसं, दवाखान्यातून घरी न्यायचे पेशंट, माहेरी आलेल्या लेकी, चाळीसगावला रेल्वे पकडायला निघालेले व्यापारी, अशी सगळ्या प्रकारची माणसं त्या गाडीत बसून गेली. भाऊंना दुसरं काम येत नव्हतं आणि त्यांनी कधी शिकायचं मनावरही घेतलं नाही. मी जळगावला पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होतो. कालव्याचा काठ, त्यातून फुटणाऱ्या चारीची रुंदी, पाण्याची खोली, दिवसभर हेच. आमच्या घरात दोन भाऊ, एक चालवणारा आणि एक मोजणारा, असं आई म्हणायची.

दुखणं मानेच्या मणक्यांचं होतं. आधी पट्टा झाला, मग शेक झाला, मग नाशिकला नेऊन ऑपरेशन झालं. हाताला येणाऱ्या मुंग्या थांबल्या, झोप लागायला लागली, पण मान जी सरळ झाली ती सरळच राहिली. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "दुखणं गेलं ते मोठं समजा. आता मान वळणार नाही. पुढचं बघून जगायचं."

खोलीबाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले, "त्यांना काय माहीत, आमच्या धंद्यात अर्धं काम मागचंच असतं."

हे खरं होतं. पुढे गाडी चालवायला त्यांना अडचण नव्हती. बाजूचे आरसे मोठे लावून घेतले, वेग कमी केला, वळणावर खांद्यासकट वळायची सवय केली. पण गाडी मागे घेणं जमेना. त्या काळचे सगळे ड्रायव्हर गाडी मागे घेताना डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकायचे, कमरेतून वळायचे आणि मान फिरवून मागच्या काचेतून बघायचे. भाऊंचा हात सीटवर जायचा, कंबरही वळायची, आणि तोंड तिथेच अडकायचं, डाव्या खिडकीपाशी. मागची काच त्यांना दिसायचीच नाही. आतल्या आरशात काच दिसायची खरी, पण ॲम्बॅसिडरची डिकी केवढी! मी एकदा टेप लावून पाहिलं. त्या आरशातून बघितलं तर गाडीच्या मागची जवळजवळ पंधरा फूट जमीन दिसतच नव्हती. तेवढ्या जागेत अख्खी बैलगाडी मावेल.

त्यात टॅक्सी स्टँडची रचना वाईट होती. बसस्टँडजवळ एका बंद गोदामाच्या भिंतीला तोंड करून सगळ्या गाड्या उभ्या असायच्या. नंबर लागला की गाडी मागे घेत थेट रस्त्यावर यायचं. रस्त्यावर सायकली, लोटगाड्या, एसटीतून उतरलेली माणसं. दुसऱ्या कोणी मागे उभं राहून आवाज द्यायचा, "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, सोडा… बस!" आणि डिकीवर थाप मारायची. ही रीतच होती आणि तिच्यात कमीपणा काही नव्हता. सगळेच एकमेकांसाठी उभे राहायचे. पण इतरांना ती सोय होती, भाऊंना ती गरज झाली. फरक पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या लक्षात आला.

स्टँडवर एक जीपवाला होता, तोंडाचा तिखट. तो म्हणायचा, "भाऊ, तुमच्या गाडीचे पुढचे चार गिअर तुमच्या हातात, आणि मागचा आमच्या तोंडात. भाड्यात वाटा द्या आमच्या घशाला."

भाऊ हसायचे. स्टँडवर हसावंच लागतं. पण गावातल्या गल्लीत, खेड्यातल्या अंगणात कोण आवाज देणार? तिथे ते पॅसेंजरला उतरवायचे. एकदा लग्नाचा कोट घातलेला एक माणूस उतरता उतरता म्हणाला, "भाडं आम्ही भरायचं आणि क्लीनरपण आम्हीच व्हायचं का?" क्लीनर ठेवावा तर त्याला बसायला एक जागा जाते, आणि टॅक्सीत एक जागा म्हणजे एक माणूस. शिवाय भाऊंचं म्हणणं, इतकी वर्षं जो एकटा गाडी चालवत आला त्याने आता पोऱ्या घेऊन फिरायचं म्हणजे आंधळ्याने काठी घेण्यासारखंच झालं.

मग एके दिवशी त्यांची गाडी एका केळीवाल्याच्या लोटगाडीला लागली. फार नाही, चाक वाकलं आणि दोन फण्या खाली पडल्या. केळीवाला ओळखीचा. त्याने भांडण केलं नाही. फण्या उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, तुमचा इलाज नाही." भाऊंनी हे सगळं मला सांगितलं. "त्याने शिवी दिली असती तर बरं होतं," म्हणाले.

त्यानंतर वहिनी जळगावला आमच्याकडे आल्या. चहा घेतला, माझ्या बायकोशी चार गोष्टी बोलल्या आणि निघताना दाराशी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे भाऊ घरी बसले तर ते कोणाच्याच कामाचे राहणार नाहीत. स्वतःच्यासुद्धा नाही. सकाळी उठून आंघोळ करतात ती स्टँडवर जायचं म्हणून करतात. तुम्ही एवढं जगाचं मोजता, यांच्या गाडीच्या मागचं काहीतरी मोजा ना."

मी शोधायला लागलो.

आज कोणत्याही गाडीत हे सगळं बसूनच येतं. तेव्हा आमच्या भागात लोकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. गाडी मागे घेताना वाजणारी वस्तू म्हणजे एकच, रिव्हर्स हॉर्न. रिव्हर्स गिअर टाकला की एखाद्या आरतीची नाहीतर गाण्याची चाल वाजायची. जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो दहा चालींत मिळायचा. मी एक धुळ्याला नेऊन लावला. भाऊंनी गाडी एकदा मागे घेतली आणि बंद केली. म्हणाले, "हे लोकांना सांगतं की मी येतोय. मागे काय आहे ते मला कोण सांगणार?" मुद्दा बरोबर होता. गल्लीतली भिंत काही चाल ऐकून बाजूला होत नाही.

मग मागच्या काचेवर चिकटवायचा फुगीर आरसा आणला. त्यात सगळं दिसायचं, पण इतकं बारीक की माणूस आहे की खांब ते कळेना. मग बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांना लावायच्या तारेच्या स्प्रिंगा आणल्या. कशाला टेकल्या की खरखर वाजतात. त्या फूटपाथच्या कडेसाठी असतात. आमच्याकडे फूटपाथ कुठे? त्या गवताला, गोणपाटाला, शेळ्यांना लागून वाजत राहिल्या आणि महिन्याभरात वाकल्या.

खरी वस्तू मला त्याच दुकानात दिसली, नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. दुकानदाराने मुंबईहून दोन खोकी मागवली होती आणि ती पडून होती. मला बघून त्याने त्यांच्यावरची धूळ झटकली.

"साहेब, हे वटवाघळाचं तंत्र आहे. ते अंधारात ओरडतं, आवाज परत आला की त्याला भिंत कळते. तसंच हे. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज सोडतं. मागे काही असलं की आवाज परत येतो आणि आत बझर वाजतो. लांब असलं तर थांबून थांबून, जवळ आलं की घाईने, आणि अगदी टेकायला आलं की सलग."

"आणि या दुसऱ्या खोक्यात?"

"ते पट्टीचं. बंपरच्या आतून एक चकचकीत पट्टी चिकटवायची. भोकं नकोत, बाहेरून दिसत नाही. बड्या लोकांना आवडतं."

मी दोन्हींची माहितीपत्रकं घरी आणली आणि आठवडाभर वाचली. पट्टीचं आधी बाद झालं. ते प्लास्टिकच्या बंपरलाच चालतं, लोखंडी बंपरच्या आड त्याला काही कळत नाही, आणि ॲम्बॅसिडरचा बंपर लोखंडी. शिवाय गाडी हलत असेल तरच ते वाजतं. गाडी थांबली की गप्प, मग मागची भिंत वीतभर अंतरावर का असेना. एक थांबा घेऊन पुन्हा मागे सरकणाऱ्याला ते कसं चालेल? दोन डोळ्यांचं की चार डोळ्यांचं, हा पुढचा प्रश्न. त्या बटणांना मेकॅनिक लोक डोळेच म्हणायचे. छोट्या गाडीला दोन पुरतात असं पत्रकात लिहिलं होतं, पण दोन डोळ्यांच्या नजरेमध्ये बंपरच्या बरोबर मधोमध एक पट्टा आंधळा राहतो, आणि टेलिफोनचा खांब हमखास मधोमधच येतो. ॲम्बॅसिडरचं बूड रुंद. मी चार डोळ्यांचं घेतलं. नुसता आवाज देणारं एक आणि आवाजाबरोबर लाल-हिरवे दिवे दाखवणारं एक, यांतलं आवाजाचं निवडलं, कारण दिवे मागच्या काचेशी लावायचे होते आणि मागे बघता येत नाही म्हणून तर हे चाललं होतं. बझर मात्र मागे न लावता डॅशबोर्डखाली लावायचा, डिझेल इंजिनच्या घरघरीत ऐकू आला पाहिजे. हे मी ठरवलं आणि आजही मला ते बरोबरच वाटतं.

उंचीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. डोळे फार खाली लावले तर रस्त्याचा उंचवटाच भिंत वाटतो आणि उगाच वाजत राहतं. फार वर लावले तर ओट्याची पायरी, निजलेलं कुत्रं, काही कळत नाही. पत्रकात पन्नास ते साठ सेंटिमीटर म्हटलं होतं. धुळ्याच्या मेकॅनिकने बंपरच्या वर एक लोखंडी पट्टी बसवली आणि डोळे त्या पट्टीत भोकं पाडून घातले. गाडी रिकामी असताना मोजलं तर साठ, पाच माणसं बसवून मोजलं तर चोपन्न. गाडीला रिव्हर्सचा दिवा नव्हता, वायर त्याच्यातूनच घ्यायची असते, म्हणून आधी तोही बसवला.

मग रविवारी भाऊंच्या गल्लीत आम्ही चाचणी घेतली. घराची भिंत. पाण्याचं रिकामं पिंप. शेजाऱ्याची सोडलेली बैलगाडी. तिची दांडी बारीक असल्याने ती फार जवळ आल्यावर कळली, ते मी लक्षात ठेवलं आणि भाऊंना सांगितलं. मग मी स्वतः मागे उभा राहिलो. चार फुटांवर पहिला आवाज, एका फुटावर सलग. मी खडूने जमिनीवर रेघा मारल्या होत्या, भाऊ आवाज ऐकून थांबायचे आणि मी रेघ बघायचो. एकदाही चूक झाली नाही.

भाऊ गाडीतून उतरले, माझ्याकडे अख्खे वळले आणि म्हणाले, "मला वाटलं होतं तू फक्त पाणीच मोजतोस."

ते बरे दिवस होते. थोडेच होते. स्टँडवर भाऊंची गाडी टीट टीट करत बाहेर पडायला लागली तेव्हा सगळे ड्रायव्हर बघायला जमले. जीपवाला डिकीवर थाप मारायला धावत आला तर भाऊ आतून म्हणाले, "हात काढ, त्याला बोलू दे." पावसाळ्यात डोळ्यांवर चिखल बसला की ते उगाच ओरडायचे. भाऊ खिशात फडकं ठेवायला लागले आणि प्रत्येक भाड्याआधी चारही डोळे पुसायचे. पॅसेंजरला उतरवणं बंद झालं. वहिनींच्या फोनमध्ये हायसं वाटल्याचा सूर यायचा. मला मात्र एक गोष्ट थोडी खटकायची. भाऊ आता गाडी मागे घेताना आरशातही बघत नव्हते. तोंड समोर, कान खाली डॅशबोर्डकडे. आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही, असा हिशेब त्यांच्या अंगात बसला होता. यंत्र तसंच वापरायचं असतं असं मलाही वाटत होतं.

दिवाळीनंतर भडगावकडच्या एका खेड्यात आमच्या मावसभावाच्या सासऱ्यांचा दहावा होता. भाऊंच्या गाडीनेच गेलो. भाऊ, वहिनी, मी आणि नात्यातले दोघं म्हातारे. घरापुढे मोठं अंगण, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, बाहेर जायला एकच तोंड. भाऊंनी गाडी सरळ आत घेऊन घराकडे तोंड करून लावली. तेव्हा अंगण रिकामं होतं.

आम्ही नदीवर जाऊन आलो, जेवणं झाली, रडणंही झालं. त्या तीन-चार तासांत शेजारच्यांनी शेतातून आणलेला कापूस उन्हात पसरायला म्हणून अंगणात ओतला होता. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या भागात कापूस कुठे नसतो? अंगणात, ओसरीत, खाटेखाली, बैलगाडीत, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना अडकलेला. आम्ही गाडीकडे आलो तेव्हा तो पांढरा ढीग मला दिसलाच असणार. भाऊंनाही दिसला असणार. ढीग गाडीच्या डिकीपेक्षा बुटका होता, आणि फार जवळ आलाच तर बझर वाजेल असं आम्ही दोघांनीही धरलं होतं. धुळ्याच्या गल्लीत मी भिंत तपासली, पिंप तपासलं, बैलगाडीची दांडी तपासली, माणूस तपासला. गाव कापसाचं असून कापूस तपासला नाही.

मी सवयीने मागे उभं राहायला निघालो. भाऊ म्हणाले, "बस रे आत. आता काय त्याचं!"

मी बसलो. त्यांनी रिव्हर्स टाकला. बझर एकदा टिकटिकला आणि गप्प झाला, म्हणजे सुरू झाल्याची खूण दिली. मग शांतता. भाऊ समोर, त्या घराच्या दाराकडे बघत होते. दारात त्या घरच्या बाया आम्हाला निरोप द्यायला उभ्या होत्या. गाडी हळूहळू मागे निघाली. डॅशबोर्डखाली काही वाजलं नाही. दारातल्या एका बाईने अचानक तोंडावर हात नेला, आणि त्याच वेळी गाडीला मागून काहीतरी मऊ लागलं, गादीवर बसावं तसं. पाठोपाठ किंकाळी.

भाऊंनी ब्रेक दाबला. मी दार उघडून धावलो.

ढिगाच्या पलीकडे, त्याला पाठ टेकून, गोधडी पांघरून एक म्हातारी उन्हात कापूस निवडत बसली होती. शेजारच्या घरची. गाडीने ढीग ढकलला आणि ढिगाने म्हातारीला. ती पुढे पालथी पडली होती आणि वरून अर्धा ढीग तिच्यावर कोसळला होता. मी आणि धावत आलेल्या तिघांनी कापूस उपसला. आधी एक हात दिसला, मग पांढरे केस, ते कापसात वेगळे ओळखू येत नव्हते. मग तोंड. ते तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"डोया कोठे ठेई उना रे भो? मी काय कापूस शे का? मुकी शे का तुनी गाडी?" डोळे कुठे ठेवून आलास, तुझी गाडी मुकी आहे का, असं ती अहिराणीत भाऊंना विचारत होती.

तिचा नातू बाहेर आला, त्याने तिला बसवलं, हातपाय हलवून बघितले. मनगट मुरगळलं होतं. बाकी कापसानेच तिला वाचवलं. मधे कापूस होता म्हणून चाक तिच्यापासून चार हात लांब राहिलं. जमलेल्यांचा धीर परतला आणि मग आपल्याकडे होतं तसं झालं. कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "आजी, या वयात कापसात लोळतेस काय?" आजी त्याच्यावर तुटून पडली, "तू ये, तुले लोयाडस!" सगळं अंगण हसायला लागलं. दहाव्याच्या दिवशी, ज्या घरातून सकाळी रडण्याचा आवाज येत होता, त्याच्या दारातल्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

भाऊ हसले नाहीत. ते गाडीच्या दाराशी उभे होते. मान वळत नाही म्हणून सगळं अंग वळवून त्यांनी तो ढीग बघितला, मग आजीकडे बघितलं. जवळ जाऊन तिच्या पायाला हात लावला. आजीचा राग तेवढ्यात उतरला होता. ती म्हणाली, "जाऊ दे भाऊ. माले काय व्हयनं नही."

मी गाडीचे डोळे बघितले. चारही स्वच्छ. भाऊंनी सकाळीच पुसले होते. दोनांवर कापसाचे तंतू चिकटले होते.

भाऊंनीच गाडी चालवत आम्हाला धुळ्याला आणलं. त्या अंगणातून ती बाहेर काढताना सहा माणसं मागे उभी राहिली आणि सहाही जणांनी एकदम आवाज दिले. वाटेत चहाला थांबलो तर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेलाच लावली, सरळ पुढे निघता येईल अशी. मागच्या सीटवर म्हातारे झोपले होते.

मी रात्रीचा भाऊंकडेच राहिलो. सकाळी उठलो ते एकच डोक्यात घेऊन. वहिनींकडून गादी मागितली, भिंतीला उभी केली आणि गाडी मागे घ्यायला लावली. पहिल्या रेघेवर आवाज नाही. दुसरीवर नाही. गादी बंपरला लागायच्या बेतात आली तेव्हा एकदा अर्धवट टिकटिकलं. गादी काढली, तीच भिंत, तर चार फुटांवर आवाज. उशी लावली, गोधडी लावली, गोधडी पांघरून मी स्वतः खाली बसलो. मऊ वस्तू तो आवाज गिळते. परतच पाठवत नाही. माहितीपत्रकात भिंत होती, खांब होता, मोटार होती, माणूस होता. हे नव्हतं. छापणाऱ्याच्या गावात कापूस नसेल.

भाऊ ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी स्वतः गाडी मागे घेतली नव्हती, गल्लीतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला बसवलं होतं. मी गोधडीची घडी घालायला लागलो तेव्हा म्हणाले, "आता कशाला मोजतोस?"

मी म्हणालो, "कळायला पाहिजे ना, कुठे चालतं आणि कुठे नाही. कापसाच्या दिवसांत खेड्यात गेलं तर कोणीतरी मागे उभं करायचं. बाकी शहरात तर काही अडचण…"

"आणि कापूस नसला तर गोधडीतलं कोणी नसेल? थंडीत बठ्ठा खानदेश गोधडीत असतो." बठ्ठा म्हणजे सगळा; ते घरात कधी कधी असे अहिराणी शब्द वापरायचे. मग म्हणाले, "तुझी वस्तू वाईट नाही. तिला जेवढं ऐकू येतं तेवढं ती सांगते. पण मी तिच्या गप्प राहण्यावर गाडी मागे घेत होतो. मागे माणूस उभा असता आणि तो गप्प राहिला असता तर मी थांबलो असतो, का रे गप्प, म्हणून विचारलं असतं. हिला नाही विचारलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मी अजून एक-दोन गोष्टी सुचवल्या. क्लीनर. स्टँडवर उलट बाजूची जागा. फक्त हायवेची भाडी. भाऊंनी प्रत्येकाला मान हलवल्यासारखं केलं, म्हणजे खांदे हलवले. शेवटी म्हणाले, "म्हातारी काल वाचली. मला रात्रभर तिचे केस दिसत होते. कापूस कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात ते समजत नव्हतं. हे आता मी दुसऱ्यांदा नाही बघणार."

पुढच्या महिन्यात गाडी चाळीसगावच्या एका माणसाला विकली. त्याने डोळ्यांची पट्टी काढून टाकायला लावली, कारण त्याच्या मते ती दिसायला वाईट होती. भोकांसकट ती पट्टी भाऊंच्या मोरीमागे बरेच दिवस पडून होती. कोणी मला आता विचारलं की गाडीला असलं काही लावू का, तर मी सांगतो, जरूर लावा, चार डोळ्यांचं लावा, उंची मोजून लावा, आणि भिंतीवर तपासून झालं की घरातली गादी आणून तिच्यावरही तपासा. लोक हसतात. त्यांना वाटतं मोजणीवाल्याचा स्वभाव.

वहिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं. भाऊ घरी बसले आणि आंघोळीला उशीर व्हायला लागला. मग दाढीला. फोन केला तर "काय चाललंय" याला "काही नाही" एवढंच उत्तर यायचं. आधी त्या "काही नाही"च्या पाठोपाठ कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, कुठल्या तरी पॅसेंजरची गंमत यायची. ते बंद झालं.

सहा-सात महिन्यांनी जीपवाल्याने त्यांना घरातून बाहेर काढलं. स्टँडवर कोणाचा नंबर कधी, कोणत्या गावाचं पॅसेंजर कोणत्या गाडीत, यावरून रोज भांडणं व्हायची. ते बघायला एक वजनदार माणूस पाहिजे होता. भाऊंना खुर्ची दिली, छत्री दिली. मी एकदा कामासाठी धुळ्याला गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून स्टँडवर गेलो. भाऊ बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. मला बघून बरं वाटलं.

"साक्री, साक्री! दोन सीट!" ते आवाज देत होते. एसटीतून उतरणारी माणसं त्यांच्याकडे येत होती. मी शेजारी उभा राहिलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की खुर्ची त्यांनी रस्त्याकडे तोंड करून, गाड्यांकडे पूर्ण पाठ करून ठेवली आहे. मान वळत नाही म्हटल्यावर पाठीमागचं एकही चाक त्यांना दिसणार नव्हतं. मागे एक जीप मागे घ्यायला लागली. कोणीतरी धावत जाऊन ओरडायला लागलं, येऊ द्या, येऊ द्या. भाऊ बोलता बोलता थांबले. जीप रस्त्यावर येऊन पुढे निघून जाईपर्यंत ते हातातल्या छत्रीच्या दांड्याकडे बघत राहिले, आणि मग पुन्हा साक्रीचा आवाज दिला.

"खुर्ची इकडे फिरवून देऊ का?" मी विचारलं. "सावली तिकडे चांगली आहे."

"नको," भाऊ म्हणाले. "मला इथेच बरं आहे."